भुताच्या गेममधल्या शेजारणी

भुतांच्या गोष्टींमधली माणसं मला लहानपणापासून बिनडोक वाटत आलेली आहेत. बाहेर काहीतरी गुरगुरतंय, लाइट गेलेली आहे, घरात चार धडधाकट माणसं घोरत पडलीत, आणि ही बया कुणालाही न उठवता टॉर्च घेऊन एकटीच निघते. का, तर आवाज कसला आला ते बघायला. अगं, आला असेल आवाज. सकाळी बघ. आमच्या भद्रावतीत कुणा पोरीनं असं केलं असतं तर भुताची पाळी येण्याआधी अम्मीनंच तिला लाटण्यानं धुतलं असतं. इतका राग असूनही तरुणपणीची चांगली वर्षं मी अशाच एका बयेचा गेम बनवण्यात घातली. आता या वयात घरातली भाचरं विचारतात, "फुफी, तुम्ही खरंच गेम बनवला होता?" तेव्हा मी आधी त्यांची तोंडं बघते. त्यांच्या मते माझ्यासारख्या बाईनं फार तर लोणचं बनवावं.

आमचं घर दुकानाच्या डोक्यावर होतं. खाली अब्बांचं गादी-रजईचं दुकान, मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन आणि वर आम्ही. मशीन सुरू झालं की ताटं थरथरत आणि बोलणं थांबे. बंद झालं की जो तो आपलं अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे उचले. कापसाचे तंतू सगळीकडे असत, केसांत, माठाच्या झाकणावर, अम्मीच्या दालच्यात. पाहुणे ते चमच्यानं हळूच बाजूला काढत आणि आम्हाला दिसलंच नाही असं आम्ही दाखवत असू. अब्बांनी त्यांच्या वडिलांची हातपिंजण भिंतीला टांगून ठेवली होती. एखादी जुनी ओळखीची म्हातारी मशीनचा कापूस नको म्हणून हटून बसली की ते ती खाली काढत, आणि मग दुपारभर पिंजणीच्या ताणलेल्या तातीचा तो जाड टण्ण-टण्ण आवाज भिंतींतून फिरत राही. माळ्यावर, कापसाच्या बोऱ्यांच्या मधोमध, आमचा कॉम्प्युटर होता. त्याचा पंखा कापूस ओढून ओढून गच्च होई. घरात आम्ही हिंदी बोलत असू, पण अब्बांना विनोद गिऱ्हाइकांच्या मराठीतच सुचत. ब्लोअर घेऊन ते कॉम्प्युटरचं पोट साफ करत आणि म्हणत, "याच्यातून एक उशी आरामात निघून राह्यली."

आमचा कॉम्प्युटर म्हणजे माझा आणि आशूचा. आशू, अश्विनी, चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये माझ्या बाकावर बसायची. ती मोहर्लीची, ताडोबाच्या गेटला लागून असलेल्या गावची. तिचे बाबा गुलाबभाऊ जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सीवर गाईड होते आणि पावसाळ्यात गेट बंद झालं की स्वतःच्या धानाच्या शेतात उतरत. डिप्लोमा झाल्यावर नोकऱ्या काही आमची वाट बघत बसलेल्या नव्हत्या. मग आशू आठवड्यातले बरेच दिवस आमच्याकडेच राहू लागली. ती चित्रं काढायची, मी त्या चित्रांना चालायला लावायची. गेम जुन्या पद्धतीचा होता, वरून दिसणारा, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा. माणूस म्हणजे टिकलीएवढं डोकं आणि दोन ठिपक्यांचे डोळे. खेळणाऱ्यानं त्याला गावभर फिरवायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, वस्तू गोळा करायच्या आणि हळूहळू घाबरत जायचं. ज्यांच्या घरी लहानपणी असे गेम होते ते याला जुन्या आठवणी वगैरे म्हणत. आमच्या घरी लहानपणी कॅरम होता. आम्ही ठिपके काढले, कारण आमच्या कॉम्प्युटरला त्याहून जास्त झेपत नव्हतं. इंटरनेटवर असे गेम करणाऱ्यांचा एक अड्डा होता. तिथे आम्ही पहिली चित्रं टाकली तेव्हा एका महाशयांनी लिहिलं की ठिपक्यांची ही काटकसर अतिशय विचारपूर्वक केलेली दिसते. आम्ही त्यांचे आभार मानले.

गोष्ट आशूची होती. जंगलाकाठी एक गाव. आई पहाटे मोहफुलं वेचायला जाते आणि येत नाही. पोरगी तिला शोधायला निघते. आशूनं मोहाच्या झाडाखाली वाकलेली हिरव्या लुगड्यातली बाई काढली तेव्हा मी काही विचारलं नाही. विचारायचं काय होतं? मंदाबाईंना, आशूच्या आईला, मी ओळखत होते. लाखोळीच्या डाळीत शिजवलेली मोहफुलं त्या माझ्यासाठी डब्यात घालून पाठवायच्या. एकदा रजई घ्यायला आल्या तेव्हा कापूस कमी भरला म्हणून त्यांनी अब्बांशी असं भांडण काढलं की अब्बांनी रजई उसवून त्यांच्यासमोर पुन्हा भरली, आणि जाताना दोघं हसत होते. गेम सुरू करण्याच्या आधीच्या मोहफुलांच्या हंगामात वाघानं त्यांना झाडाखालीच धरलं. मोहर्लीच्या बाया फुलं वेचायला कधी एकटीनं जात नाहीत. पाच-सहा जणी मिळून जातात आणि वाघ जवळ येऊ नये म्हणून मुद्दाम मोठमोठ्यानं बोलतात. त्या सकाळी सगळी आळी मूल गावी लग्नाला गेली होती. फुलं पडून राहिली तर हरणं खाऊन जातील, झाड तर रस्त्यालाच आहे, पटकन येते, म्हणून त्या गेल्या. गुलाबभाऊ तेव्हा जंगलात होते. त्यांच्या गाडीतली पाहुणेमंडळी त्या दिवशी वाघ दिसला नाही म्हणून त्यांच्यावर चिडलेली होती. त्या पाहुण्यांना काय म्हणावं याला मला इतक्या वर्षांनीही पुरेशी शिवी सापडलेली नाही.

गेम थोडाफार चालायला लागला तसा आम्ही तो लोकांना खेळायला दिला. पहिली अम्मी. गेममध्ये अंधार पडतो, पोरगी घरात एकटी असते, आणि बाहेरून आईच्या आवाजात हाक येते. खेळणाऱ्यानं दार उघडून बाहेर जायचं, पुढे सगळी भीती. अम्मीनं हाक ऐकली आणि कीबोर्डवरून हात काढला. ती आशूसमोर मराठीतच बोलायची.

"मी नाई उघडत."

"अम्मी, आईची हाक आहे ती."

"कोनाचीबी असो. अंधारात पहिल्या हाकेले ओ द्यायचा नाई, हे तुले शिकवलं होतं का नाई?"

मग तिनं पोरीला खाटेपाशी नेलं, झोपवलं आणि चष्मा काढून ठेवला. "झोपली पोरगी. आता सकाळी पाहू काय हाय तं."

अम्मीचं सोडा, ती पत्त्यांच्या खेळातही हातचं पान सोडत नसे. पण पुढे मोहर्लीला आशूच्या अंगणात आम्ही उसन्या लॅपटॉपवर शेजारच्या बायांना खेळायला बसवलं, तर तिथे प्रत्येकीनं तीच चूक केली. चूक आम्ही म्हणत होतो. पोरगी घराबाहेर पडली की तिनं उजवीकडे जंगलाच्या वाटेला लागायचं. या बाया तिला डावीकडे, शेजारच्या घराकडे न्यायच्या आणि दार वाजवत बसायच्या. शेजारची घरं आम्ही नुसती शोभेला काढली होती. त्यांची दारं उघडतच नव्हती.

"हे दार उघडत काऊन नाई वो?" आशूच्या शेजारच्या पार्वताकाकू म्हणाल्या.

"काकू, ते नुसतं चित्र आहे," मी म्हटलं.

"मंग माणूसच नाई तं घर काऊन काढलं?"

जगभरच्या भुताच्या गेमांमध्ये अशी बंद दारांची घरं असतात आणि कुणी हे विचारत नाही. तिथल्या लोकांना बहुतेक शेजाऱ्याचं दार वाजवायची सवयच नसावी. पार्वताकाकूंनी पुढचं दार वाजवलं, मग त्याच्या पुढचं, आणि शेवटी पोरीला घरी आणून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हे गाव वसवणाऱ्याला काही अक्कल होती की नाही. मग आम्ही शेजारणी बनवल्या. बनवल्या म्हणजे काय, समोर बसलेल्याच काढल्या. "माह्या साडीचा काठ असा नाई, जांभळा हाय," असं एकेकीनं सांगून दुरुस्त करून घेतलं. दार वाजवलं की बाई बाहेर येई, टोपली घेई आणि पोरीच्या मागे चालू लागे. थोड्याच दिवसांत आमची भेदरलेली नायिका सहा बायांची रांग घेऊन जंगलात निघाली. रांगेतल्या बाया सुनांबद्दल बोलत. वाघाची चाहूल लागून माकडं खाकरली की सगळ्याजणी जागच्या जागी मागे वळत, आणि वाघ बिचारा झाडीत बसून राही. मोहर्लीत गेम फार आवडला. त्यात घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीला आम्ही सापडलो. अड्ड्यावरची आमची जुनी चित्रं पाहून त्यांनी गेम मागवून खेळला होता. व्हिडिओ कॉलवर तन्मय नावाचे सर आले. घरात बसूनही त्यांच्या डोक्यावर टोपी होती. त्यांनी आधी आवाजाचं कौतुक केलं. "तो जो टण्ण असा खोल आवाज येतो ना, अंगावर काटा आला माझ्या. आदिवासी वाद्य आहे का ते?"

"गादीचा कापूस पिंजतात त्याचा आहे," मी म्हटलं. "माझे अब्बा वाजवतात."

ते हसले. त्यांना मी थट्टा करते आहे असं वाटलं, आणि पुढे कॉलभर ते वाद्यच म्हणत राहिले. नंतर मुद्द्याचं बोलले. गेम ते काढणार, आणि आम्हा दोघींना पुण्यात कामावर घेणार. मात्र त्या बायका आधी काढून टाका. हॉररमध्ये माणूस एकटा पाहिजे. आणि आई. "वाघ फार ऑब्व्हियस आहे. वाघ नसूच दे. पोरगी झाडापाशी पोहोचते, आई फुलं वेचत असते, मग झाडीतून आवाज येतो, पोरगी बघायला जाते, परत येते, आई वळते आणि तिचा चेहरा! म्हणजे आईच भूत आहे. लोक विसरणार नाहीत बघ." मंदाबाईंचं आम्ही त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. गोष्ट कुठून येते हे विचारायची त्यांच्याकडे पद्धत नसावी. गादी कुठून येते हेही झोपणारे विचारत नाहीत.

कॉल संपल्यावर मी त्या टोपीचा भरपूर उद्धार केला. आशू ऐकत बसली होती. माझं झाल्यावर म्हणाली, "मी काढतो चेहरा." तिकडच्या पोरी अशाच बोलतात, करतो, जातो, खातो.

"डोकं फिरलं का तुझं?"

"थे झाड रस्त्यावर हाय, नसरीन. बसमधून उतरून घरी जातो तं दरवेळी थ्या झाडाखालून जा लागते. मले आता थ्या रस्त्यानं जाणं होत नाई. पुण्याले झाड नाई न थे."

तिनं चेहरा काढला. बायांना मी एकेक करून गेममधून काढलं, पार्वताकाकूंना सगळ्यात शेवटी. आशूनं काढलेला चेहरा फार चांगला होता हेच वाईट होतं. थोडेसे लाल ठिपके, बाकी सगळं मंदाबाईंचं, कपाळावरचं गोंदणसुद्धा. टोपीवाल्यांना तो नक्की आवडला असता. पण पाठवायच्या आधी तो बाबांना दाखवायचा असं तिनं धरलं. ते नको म्हणाले तर ती पुण्याला जाणार नव्हती आणि हो म्हणाले तर पुन्हा मोहर्लीला राहणार नव्हती.

गेट बंद असतं त्या वारी आम्ही गेलो. मोहर्लीचा रस्ता तेव्हाही रिसॉर्टांच्या पाट्यांनी भरलेला होता. छातीवर वाघाचं तोंड छापलेले शर्ट घालून लोक चहा पीत उभे होते आणि एकमेकांना सांगत होते की काल अमक्याला अगदी समोरून दिसला, नशीबवान आहे लेकाचा. आशू खाली बघून चालत होती. झाड आलं तेव्हा ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेली. मीही गेले. झाड मात्र फार सुंदर होतं, आणि मला त्याचाही राग आला.

गुलाबभाऊंनी भात आणि वरण करून ठेवलं होतं, तव्यावर मिरच्या भाजल्या होत्या. मोहफूल त्या घरात पुन्हा शिजलं नव्हतं. बोलायला ते कमीच. दिवसभर पाहुण्यांना तेच ते सांगून त्यांचे शब्द गेटवरच संपत असावेत. जेवण झाल्यावर ते ओसरीत बसले, आशूनं लॅपटॉप पुढे ठेवला आणि बाण कसे दाबायचे ते दाखवलं. त्यांनी पोरीला घराबाहेर काढलं, शेजारची दारं वाजवून पाहिली. ती आता पुन्हा नुसती चित्रं होती. मग ते जंगलाच्या वाटेला लागले. झाडापाशी हिरव्या लुगड्यातली बाई फुलं वेचत होती. गुलाबभाऊ थांबले. ती कोण आहे हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

झाडीत खसपस झाली. पडद्यावर अक्षरं आली, आवाज कसला आला ते बघून ये.

"आता उजवीकडे जा, बाबा," आशू म्हणाली.

"काऊन?"

"तिकडं आवाज आला न."

"आवाज आला म्हणूनच तं नाई जात." त्यांनी पोरीला दोन पावलं पुढे नेऊन बाईच्या अगदी शेजारी उभं केलं आणि हात मांडीवर ठेवले. "हे एकटी हाय इथी. मी थांबतो."

मी त्यांना समजावलं की भाऊ, असं थांबलं तर गेम पुढे जात नाही. "नाई जाऊ दे," ते म्हणाले. पडद्यावर बाई वाकत होती, फूल उचलत होती, टोपलीत टाकत होती, पुन्हा वाकत होती. आशूनं काढलेली चारच चित्रं होती ती, मीच त्यांना फिरत ठेवलं होतं. गुलाबभाऊ टोपलीकडे बघत नव्हते. ते झाडीकडे बघत होते, पडद्याच्या उजव्या कडेला, गाईड बघतो तसे. पार्वताकाकूंकडून चहा आला आणि निवला. शेजारची एक कोंबडी ओसरीत येऊन गेली. मला रडू यायला लागलं आणि ठिपक्यांपुढे रडतेस, असं मी स्वतःलाच मनात झाडलं, तरी ते थांबेना.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "उजाडते कवा, आशे?"

"उजाडत नाई, बाबा. तसं केलंच नाई आमी."

"बरं," ते म्हणाले. "मंग थांबतो."

आशूनं त्यांच्या पुढून लॅपटॉप घेतला नाही. ती त्यांच्या बाजूला जाऊन बसली, आणि दोघं तसेच बघत राहिले, शेवटी बॅटरी संपून पडदा काळा होईपर्यंत. मग ती मला म्हणाली, "उजाडायचं कसं करायचं ते सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच केलं. आकाश काळ्याचं निळं, निळ्याचं राखाडी, मग फुलांसारखं पिवळट. चेहरा काढून टाकला. बाया परत आणल्या, यावेळी त्या आपापल्या दारात उभ्या होत्या. खेळणारा बाईपाशी थांबून राहिला की हळूहळू उजाडायचं, ती कंबर सरळ करायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि पोरीबरोबर घरी चालत यायची. खेळणारा झाडीकडे गेला तर तो परत येईपर्यंत झाडाखाली फक्त टोपली असायची. एवढाच गेम. तो आम्ही पुण्याला पाठवला.

तन्मय सरांचा कॉल आमच्या माळ्यावर आला. खाली मशीन चालू होतं, म्हणून आशूला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"अगं, तो फेस कुठे गेला?"

"काढला."

"पण मग यात काही घडतच नाही. मी तिथे नुसता उभा होतो."

"हो. उभं राहिलं तं काई घडत नाई. उजाडते, अन् थे घरी येते."

"तेच म्हणतोय मी. मग यात हॉरर कुठे आहे?"

खाली मशीन बंद पडलं. आशूनं आवाज कमी केला नाही.

"कोनीच उभं नाई राह्यलं, तं हाय," ती म्हणाली.

सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टीमशी बोलून कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या दुपारी आशू पिशवी भरून मोहर्लीला निघाली. एरवी मी तिला स्टँडवर सोडून परत येत असे. त्या दिवशी मीही बसमध्ये चढले, तिच्याबरोबर उतरले आणि झाडाखालून घरापर्यंत तिच्या बाजूनं चालत गेले. वाटभर मी त्या टोपीवाल्याला मोठमोठ्यानं शिव्या देत होते.